फोनचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला तर आधी काय जातं?

प्रश्न घणसोलीहून आलाय. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, फोन स्नॅपड्रॅगन ८७० चा, वापराचं चौथं वर्ष. तो विचारतो: ‘काका, बीजीएमआय खेळताना पहिली पंधरा-वीस मिनिटं फोन मस्त चालतो, मग फ्रेम पडायला लागतात. कोपरखैरण्याचा मित्र म्हणतो, पाचशे रुपये दे, रूट करून नवीन कर्नल टाकतो, प्रोसेसर ओव्हरक्लॉक होईल. त्याने स्वतःच्या फोनला केलंय, काही झालं नाही. रिस्क कितपत आहे? प्रोसेसर जळतो का?’

मी नौपाड्यात मोबाइल रिपेअरिंग करतो, मुख्यतः बोर्डचं काम. ओव्हरक्लॉक म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, रूट म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेणं, आणि कर्नल म्हणजे हार्डवेअरला हुकूम देणारा सॉफ्टवेअरचा गाभा. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रोसेसर सहसा जळत नाही. चिपच्या आतच तापमान मोजायची सोय असते आणि पारा शंभरीच्या पुढे गेला की हार्डवेअर स्वतःच फोन बंद पाडतं. ही शेवटची कडी कर्नल बदलूनही सहज तुटत नाही. मरतात ते त्याचे शेजारी: बॅटरी, सगळ्यांना वीज वाटणारी पॉवर आयसी, वर बसलेली रॅम, खालचे सोल्डरचे गोळे. आणि याशिवाय तुझं यूपीआय आणि फोटो, ज्यांचा प्रोसेसरच्या वेगाशी वरवर काही संबंध दिसत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट. तुझ्या प्रश्नातच दुखणं काय आहे ते लिहिलंय. पहिली वीस मिनिटं मस्त चालतो म्हणजे वेग पुरेसा आहे. वीस मिनिटांनंतर फ्रेम पडतात म्हणजे फोन तापतोय आणि स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करतोय. याला थ्रॉटलिंग म्हणतात. ओव्हरक्लॉक करून तू वेग वाढवणार तो नेमका त्या वीस मिनिटांत, जिथे तुला काही त्रासच नव्हता. आणि तापणं तेवढं लवकर सुरू होणार.

आता तुझी चिप कोण आहे ते बघ. स्नॅपड्रॅगन ८६५ डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली, तिचा सर्वांत वेगवान कोअर २.८४ गिगाहर्ट्झचा. २०२० मध्ये ८६५ प्लस आली, तोच कोअर ३.१ वर. जानेवारी २०२१ मध्ये ८७० आली, तोच कोअर ३.२ वर. डिझाइन तेच, चिप बनवायची ७ नॅनोमीटर प्रोसेस तीच. ग्राफिक्सचा भागही ५८७ मेगाहर्ट्झवरून ६७० वर नेलेला. म्हणजे तुझा ८७० हा मुळात कंपनीनेच ओव्हरक्लॉक केलेला ८६५ आहे. असा वेग वाढवून विकायचा असेल तर त्या व्होल्टेजवर तो वेग झेपेल अशाच चिप निवडाव्या लागतात. मापात जी काही ढील होती ती कंपनीने आधीच वापरून टाकली आहे. तुझ्या मित्राला त्यातून काय मिळणार?

वेग वाढवायचा तर नुसता आकडा बदलून भागत नाही. ट्रान्झिस्टर तेवढ्या लवकर चालू-बंद व्हायला जास्त व्होल्टेज लागतं आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समज वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज ५ टक्के वाढवावं लागलं. १.१ गुणिले १.०५ चा वर्ग, म्हणजे १.२१. वेग १० टक्के, उष्णता २१ टक्के. शिवाय चिप जितकी गरम, तितकी तिच्यातून वीज उगाच गळते, आणि त्या गळतीने ती आणखी तापते. सगळं चिपच्या प्रोसेसवर आहे. २०२२ मध्ये ८ जेन १ नावाची चिप तापण्यावरून फार बदनाम झाली. त्याच वर्षी तेच डिझाइन दुसऱ्या कारखान्यात, सॅमसंगऐवजी टीएसएमसीकडे, बनवून ८ प्लस जेन १ म्हणून आणलं, तर वेग ३ वरून ३.२ गिगाहर्ट्झ झाला आणि तरीही ती कमी तापली. असा फरक कारखान्यात पडतो, कर्नलच्या फाइलने पडत नाही.

ती उष्णता बाहेर कुठून जाणार? फोनला पंखा नाही. ग्राफाइटचं पान, तांब्याची पातळ पट्टी किंवा उष्णता पसरवणारी व्हेपर चेंबर नावाची चपटी डबी, मग फोनची चौकट, मग मागची काच, मग तुझा हात. हाताला सोसेल अशा बेताने या आकाराची वस्तू सतत चार-पाच वॅटच बाहेर टाकू शकते. लोकलच्या डब्यात माणसं कितीही कोंबली तरी दारं तेवढीच. त्यात आपली हवा. फोनची पाठ ४५ अंशांवर धरली आणि तू २४ अंशांच्या एसीत बसलास तर फरक २१ अंशांचा. मे महिन्यातल्या दुपारी घणसोलीच्या बैठ्या घरात ३५ अंश असेल तर फरक १० चा. उष्णता बाहेर जायचा वेग ढोबळमानाने या फरकावर चालतो. म्हणजे तोच फोन, तोच गेम, पण निम्म्याहून कमी उष्णता बाहेर पडते. यूट्यूबवर बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, दाखवणारा माणूस कुठल्या खोलीत बसलाय हे म्हणून बघायचं असतं.

मित्र नक्की काय करणार आहे, तेही विचार. कारण क्वालकॉमच्या ८४५ पासून पुढच्या चिपमध्ये सीपीयूच्या वेगाचा तक्ता कर्नलच्या हातात राहिलेला नाही. तो हार्डवेअर आणि फर्मवेअर सांभाळतं. कर्नलने फक्त दिलेल्यातला आकडा मागायचा. म्हणून ‘सीपीयू ओव्हरक्लॉक’ म्हणून जे काही हल्ली विकलं जातं, त्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक प्रकार असतो. एक, ग्राफिक्सच्या वेगाचा तक्ता बदलणं. हे खरंच होतं, त्यासाठी तयार ॲप आहेत. दुसरा प्रकार जास्त चालतो: थर्मलची फाइल रिकामी करणं. म्हणजे वेग एक हर्ट्झनेही वाढत नाही, फोनने ‘आता तापलो, हळू चालतो’ म्हणायची जी सोय होती ती काढून टाकायची. मग बेंचमार्कचा आकडा वाढतो, लोक खूश. माझ्या मते हे खऱ्या ओव्हरक्लॉकपेक्षा वाईट. कारण चिपला तिची शेवटची कडी आहे, पण फोनची पाठ आणि बॅटरी थंड ठेवण्याचे जे नियम होते ते त्याच फाइलमध्ये होते.

बॅटरीचं बघ. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हा सर्वसाधारण नियम. फोन त्या आसपास गेला की चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. आता तू चार्जिंगला लावून खेळतोस, बहुतेक पोरं तेच करतात, वर थर्मल काढलेला. बॅटरी आतून गॅस धरायला लागते. सुरुवातीला काही कळत नाही. मग एक दिवस फोन टेबलावर ठेवला की गोल फिरतो, मागची काच एका कडेने उचललेली दिसते, स्क्रीनवर मध्ये पिवळट डाग येतो. अशी फुगलेली बॅटरी घेऊन लोक ‘काका, जरा दाबून चिकटवून द्या’ म्हणून येतात. कृपा करून दाबू नका.

फुगली नाही तरी जुनी बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही. मागणी उसळली की तिचं व्होल्टेज खाली बसतं आणि ३० टक्के दाखवत असताना फोन बंद पडतो. ॲपलने २०१७ मध्ये कबूल केलं होतं की जुन्या बॅटरीचे आयफोन असे बंद पडू नयेत म्हणून त्यांनीच सॉफ्टवेअरमधून वेग कमी केला होता. केवढा गदारोळ झाला होता. न सांगता केलं हे चूकच, पण कारण खरं होतं. चार वर्षांच्या बॅटरीवर तू त्याच्या बरोबर उलट करायला निघाला आहेस.

आता बोर्ड. फोन उघडला, पत्र्याचं शील्ड काढलं की जो चौकोन दिसतो त्याला सगळे प्रोसेसर म्हणतात, पण वर दिसते ती रॅम. प्रोसेसर तिच्या खाली, दोघांमध्ये सोल्डरचे बारीक गोळे, प्रोसेसरच्या खाली बोर्डावर आणखी शेकडो गोळे. प्रोसेसर तापला की आधी रॅम भाजते. ८५ अंशांच्या वर रॅमला तिच्यातली माहिती दुप्पट वेळा ताजी करावी लागते, नाहीतर ती पुसली जाते. आणि गोळे रोज गरम-थंड, गरम-थंड होऊन कधीतरी तडकतात. फोन एकदा पडलेला असेल तर आणखी लवकर.

असा फोन दुकानात येतो तेव्हा तक्रार ठरलेली: लोगोवर अडकतो, कधी चालू होतो, कधी होत नाही. डीसी सप्लायला लावून पॉवर बटण दाबलं की करंटची सुई थोडी वर जाते, तिथेच घुटमळते आणि परत खाली येते. मग मी शील्डवर, बरोबर प्रोसेसरच्या जागी, बोटाने हलका दाब देतो. दाब असेपर्यंत फोन लोगोच्या पुढे जातो. बोट उचललं की हँग. मायक्रोस्कोपची गरजच पडत नाही, खालचे गोळे सुटलेत. मग काम काय, तर कडेचा ग्लू ब्लेडने खरवडायचा, हॉट एअरने रॅम वेगळी, प्रोसेसर वेगळा काढायचा, जुनं सोल्डर साफ करायचं, स्टेन्सिल लावून नवीन गोळे बसवायचे आणि परत जागेवर ठेवायचं. ग्लूबरोबर बोर्डाचं एखादं पॅड उखडलं तर तिथेच संपलं. या कामाचे काही हजार होतात आणि कुणीही प्रामाणिक कारागीर त्याची गॅरंटी देत नाही. मित्राचे पाचशे आणि हे काही हजार शेजारी ठेवून बघ.

यातला सर्वांत वाईट भाग लोकांना माहीतच नसतो. बोर्ड मेला की माणूस म्हणतो, ‘फोन जाऊ दे, फोटो तेवढे काढून द्या.’ पूर्वी मेमरीची चिप उचलून दुसरीकडे वाचता यायची. आता फोनमधला डेटा एन्क्रिप्ट असतो आणि त्याच्या किल्लीचा भाग त्याच प्रोसेसरच्या पोटात असतो. प्रोसेसर गेला की मेमरी चिप धडधाकट असूनही आतलं काहीच वाचता येत नाही. आजीचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सगळं. लोक समोर बसून रडलेत. काय सांगणार?

बोर्ड न मरताही घोळ होतो. वेग चिपच्या कुवतीच्या किंचित पुढे गेला तर ती लगेच बंद पडत नाही, अधूनमधून चुकीचं उत्तर देते. गेममध्ये एखादा पिक्सेल हिरवा दिसला तर कुणाचं काही बिघडत नाही. तीच चूक स्टोरेजवर काही लिहिताना झाली तर फाइल सिस्टिम खराब होते आणि फोन बूटलूपमध्ये जातो, म्हणजे सुरू होता होता परत परत बंद पडतो. आणि हे नेमकं कधी होईल हे टेस्ट करून कळत नाही. थंडीत पास झालेली सेटिंग एप्रिलमध्ये नापास होते.

आता पैशांकडे येऊ. रूट करायचं तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं सॉफ्टवेअर, अनलॉक करावं लागतं. ते करताना फोन पूर्ण पुसला जातो, बॅकअप नसेल तर तिथूनच सुरुवात. सॅमसंगच्या फोनमध्ये कंपनीचं नसलेलं सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा एक फ्यूज कायमचा उडतो. तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत जोडता येत नाही आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी गेल्या त्या गेल्या. तुझा फोन दुसरा आहे, पण बँकेची ॲप कुठल्याच कंपनीच्या फोनचा मुलाहिजा ठेवत नाहीत. बूटलोडर उघडा किंवा फोन रूट दिसला की कित्येक ॲप उघडायलाच नकार देतात. लपवायचे मॉड्यूल असतात, मित्र तेही टाकून देईल. ते गुगलच्या पुढच्या अपडेटपर्यंत चालतात, मग परत त्याच्याकडे पळा. काही फोनवर व्हिडिओची परवानगीही खालच्या दर्जाला जाते, मग पैसे भरून घेतलेला सिनेमा एचडीत दिसत नाही.

मला याहून मोठी भीती वेगळीच वाटते. कर्नल म्हणजे फोनचा सर्वेसर्वा. टेलिग्रामच्या कुठल्या तरी ग्रुपवरून उतरवलेला कर्नल तू ज्या फोनमध्ये टाकतोस, त्याच फोनवर ओटीपी येतात, त्यावरच आईचं खातं जोडलेलं असतं. तो कुणी बनवला, आत काय आहे, हे तुझ्या मित्रालाही माहीत नाही. तो चांगला मुलगा असेल, मी त्याच्यावर आळ घेत नाही.

इलेक्ट्रोमायग्रेशनबद्दल तू वाचलं असशील: जास्त करंट आणि तापमानाने चिपमधल्या तारांचे धातूचे अणू सरकतात आणि आयुष्य घटतं. खरं आहे. पण तुझा फोन आणखी दोन वर्षं चालला तरी पुष्कळ, त्याआधी वरचं सगळं आडवं येतं. हे वाचून झोप उडवून घेऊ नकोस.

आणि हो, एके काळी हे सगळं करण्यात अर्थ होता. २०११ चा गॅलेक्सी एस २ १.२ गिगाहर्ट्झचा, लोक तो १.६ पर्यंत न्यायचे आणि फरक खरोखर दिसायचा, कारण तेव्हा मेनू सरकवतानाही फोन अडखळायचे. बॅटरी नखाने निघायची, बिघडली तर नवीन टाकली. यूपीआय २०१६ मध्ये आलं, त्यामुळे फोनमध्ये बँकच नव्हती. त्या काळचे लेख वाचून आजच्या फोनवर प्रयोग करणारे बरेच भेटतात.

तर तू काय करावंस? आधी खात्री करून घे. कव्हर काढ, चार्जर काढ, ब्राइटनेस अर्ध्यावर आण, एसीत किंवा पंख्याखाली बस आणि तोच गेम अर्धा तास खेळ. फ्रेम पडल्या नाहीत तर दुखणं उष्णतेचंच. वाय-फायवरही खेळून बघ, कारण तुझ्या ८७० मध्ये नेटवर्क सांभाळणारा ५जी मोडेम चिपच्या आत नाही, तो एक्स५५ नावाची वेगळी चिप आहे. कमजोर सिग्नलवर, विशेषतः ठाणे-वाशी गाडीत खेळताना, ती वेगळीच तापते. बाहेर असताना नेटवर्क ४जी वर ठेवलं तरी फरक पडतो. गेममध्ये फ्रेम रेट एक पायरी खाली आण. कधीमधी ६० आणि मग ३५ होण्यापेक्षा सलग ४० हाताला जास्त बरे लागतात.

मग मला एक सांग: हा फोन आधी कुठे उघडला होता का? डिस्प्ले बदलला, बॅटरी बदलली? मागचं पॅनल काढताना ग्राफाइटचं काळं पान फाटतं आणि बरेच जण ते परत लावत नाहीत, कारण त्याशिवायही फोन चालू होतो. शील्डवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली जाते, नवीन लावली जात नाही. असा फोन पहिल्या दिवसापासून तापतो आणि दोष प्रोसेसरला मिळतो. न उघडलेल्या फोनमध्येही चार वर्षांत पेस्ट सुकते. नवीन पेस्ट, शाबूत ग्राफाइट आणि चांगली बॅटरी, या तीन गोष्टींनी कित्येक फोन परत माणसात आलेले मी पाहिलेत. काम करणाऱ्याला समोर बसून सांगायचं, पान परत लाव म्हणून. त्याला राग आला तरी चालेल.

क्लिपने लावायचे कूलर मिळतात. नुसत्या पंख्याचा घे. पेल्टियरवाला, जो बर्फासारखा गार होतो, तो आपल्याकडे पावसाळ्यात लावू नकोस. जुलैत ठाण्यात हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार कुठलीही गोष्ट झाली की तिच्यावर पाणी धरतं, फोनच्या काचेवर बाहेरून आणि कधी आतूनही. मग लिक्विड डॅमेजची पट्टी लाल होते आणि तू शपथेवर सांगतोस की फोन पाण्यात पडलाच नव्हता. तू खरंच बोलत असतोस.

एवढं वाचूनही हात शिवशिवत असतील तर बँकेची ॲप नसलेला, सिम काढलेला जुना फोन घे. त्यावर कर। आणि वेग वाढवण्याऐवजी ग्राफिक्सच्या तक्त्यात व्होल्टेज थोडं थोडं कमी करून बघ, वेग तोच ठेवून. चिप चांगली निघाली तर फोन कमी तापतो आणि शेवटपर्यंत वेग धरून ठेवतो. नाही निघाली तर फोन हँग होतो, परत मूळ आकडा टाकायचा. थर्मलच्या फाइलला मात्र तिथेही हात लावू नकोस.

राहिला मित्राचा फोन, ज्याला काही झालं नाही. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या चिपही सारख्या नसतात, त्याची चांगली निघाली असेल. किंवा त्याने थर्मल काढलंय आणि बॅटरी अजून फुगायची आहे. त्याने दाखवलेला बेंचमार्कचा स्क्रीनशॉट काही मिनिटांच्या चाचणीचा असणार. त्याला म्हणावं, तोच गेम अर्धा तास चालव आणि शेवटच्या पाच मिनिटांचे फ्रेम दाखव. दुपारी दोन वाजता, पंखा बंद करून.